तळाचा दरवाजा

३ एप्रिल
आज काय काय झालं:
१. धरणावर पाणी तपासनीस म्हणून रुजू झाले.
२. क्वार्टर मिळालं. नळाला दिवसभर पाणी. धाकटी बहीण हौसेने दोनदा न्हाली.
३. खिडकीतून नदी दिसते. धाकटीने खुर्ची तिथेच ओढली.
साहेबांनी स्वतः सगळीकडे फिरवलं. माणूस गमत्या आहे. पाण्याचा नमुना कायम तलावातल्या कारंज्याखालीच घ्यायचा, असं म्हणाले. तिथे पाण्यात हवा मिसळते, प्राणवायूचा आकडा चांगलाच येणार, असं मी म्हटलं. त्यावर, मॅडम, फोटो काढायच्या आधी तुम्ही तोंड धुता की नाही, असं विचारून खदाखदा हसले. मलाही हसू आलं. ‘पाणी उत्तम’ अशा दाखल्यावर सही केली.

९ एप्रिल
धरणाला दोन दरवाजे. वरचा मोठा, तो उघडला की तलाव झपाट्याने उतरतो आणि सहलीच्या बोटी चिखलात रुततात, म्हणून नेहमी तळाचाच उघडतात. तळाचं पाणी कुजकं. आज खाली नदीत उतरून मोजलं: प्राणवायू जवळपास शून्य. साहेबांना सांगितलं. मासे तक्रार करत नाहीत, तुम्हाला कसली घाई, म्हणाले.

१४ एप्रिल
मासे मेले. आधी सगळी तोंडं पाण्यावर, उघडमीट करत. मग पांढरी पोटं, या काठापासून त्या काठापर्यंत. डोळ्यांवर साय. जेसीबीने उचलताना पोटं फुटली, तो राडा माझ्या बुटात शिरला. ट्रकची फेरी वाचावी म्हणून साहेबांनी मासे पुरायचा खड्डा विहिरीशेजारीच खणवला. त्याच विहिरीतून कॉलनीच्या नळांना पाणी येतं. मी हरकत घेतली. क्लोरीन वाढवा, म्हणाले, आणि नाकाला रुमाल लावून जेवायला गेले.

१७ एप्रिल
नळाच्या पाण्यावर तवंग. उकळलं तर भांड्याला बुळबुळीत थर. किळस येते. धाकटीला पिऊ नकोस म्हटलं. ग्लास रिकामा करून तिने विचारलं, ताई, पाणी उत्तम म्हणून सही तुझीच ना?

१९ एप्रिल
धाकटी बादलीवर वाकलेली. ओठ पाण्याला टेकलेले — उघडमीट, उघडमीट. बाहेर ओढलं तर तडफडली. दंड हातातून निसटला. माझ्या तळव्याला चिकट पापुद्रा. तिच्या पापण्या लवत नाहीत.

२० एप्रिल
साहेब नदीत. गळ्यापर्यंत. सगळी कॉलनी तिथेच, तोंडं वर करून. धाकटी कडेला — मी हाक मारली — काठावर यायला तयार नाही. तळाचा दरवाजा उघडाच आहे. त्यांना हवा पुरत नाही —

२१ एप्रिल
मुख्य कार्यालयास. वरच्या दरवाजाची वीज तुमच्याकडून बंद आहे, ती चालू करा. चांगलं पाणी खाली सोडायला हवं. माझी बहीण नदीत आहे, अजून जिवंत आहे. उत्तर शुक्रवारपर्यंत द्यावे. त्याहून उशीर नको, कारण आता मलाही कोरड्यावर श्वा—