अठरा खांब पूर्वेकडे

लातूर, मंगळवार

तीर्थरूप भुजंग दाजी यांना धाकटा मेहुणा हनुमंत याचा वाकून नमस्कार. इकडे मी ठीक. आपली तब्येत कशी आहे ते कळवावे. (अक्काने कळवलंच आहे की जेवण दोन्ही वेळ व्यवस्थित चालू आहे, फक्त माझं नाव निघालं की ताटावरून उठता. तेव्हा हे जेवणानंतर वाचावे.) आपण फोन उचलत नाही म्हणून पत्र मुखेडच्या गाडीच्या कंडक्टरकडे देतो आहे.

शनिवारी साइटवर काय झालं ते आपल्याला माहीत आहे, पण त्याच्या आधी आणि नंतर काय झालं ते सांगतो. ईश्वरप्पांना पुढच्या जूनच्या आत क्लासच्या पोरांसाठी चार मजली होस्टेल उभं करायचं आहे. त्यांची अट एकच, सगळ्या खांबांची रुंद बाजू पूर्वेला हवी, त्यानं पोरांची बुद्धी उघडते. (पोरं खोल्यांत राहणार आहेत, खांबांत नाही, हे मी बोललो नाही. मालक आहेत.) कॉम्प्युटरमध्ये खांब किती फिरवायचा याचा एक रकाना असतो. त्यात एक आकडा टाकला की अठराच्या अठरा खांब प्रार्थनेला उभ्या पोरांसारखे एका दिशेला वळतात. मला ते फार देखणं वाटलं. आमच्या ऑफिसच्या जोहरा मॅडमनी तपासायच्या आधीच नकाशा साइटवर मिस्त्रींकडे, म्हणजे आपल्याकडे, पाठवून दिला. शनिवारी येऊन बघतो तर आपण आठ खांबांचं लोखंड खड्ड्यात आडवं फिरवून बांधलेलं.

आपण म्हणालात, "समदे एकाच अंगानं उभे केले की घर दुसऱ्या अंगानं पडतंय. भूकंपानंतर दोन वर्षं तिकडंच काम केलंय म्या, लई पाहिलंय." त्यावर मी सहा माणसांदेखत म्हणालो की कॉम्प्युटरला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. जावयाला चारचौघांत असं बोलू नये हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, त्यात अधिक महिना, धोंड्याचं जेवण तोंडावर. आपण सामान उचलून स्टँडवर गेलात. मी माणसांना खांब सरळ करायला सांगून ताठ मानेनं परत आलो.

सोमवारी जोहरा मॅडमनी इमारतीचं कॉम्प्युटरमधलं मॉडेल उघडलं. पहिला प्रश्न, खांब तळापासून गच्चीपर्यंत एकच काठी का काढलीस? मी म्हणालो, वेळ वाचला. त्या म्हणाल्या, कोणत्या मिस्त्रीला चार मजल्यांचा खांब एका दमात भरताना पाहिलंस? मधल्या मजल्यांचे बीम त्या काठीला नुसते टेकलेले होते, जोडलेले नव्हते. दर मजल्याला खांब तोडून पुन्हा जोडण्यात संध्याकाळ झाली. मग मॅडमनी इमारतीला भूकंप लावला. उत्तर-दक्षिण ती शहाण्यासारखी उभी राहिली. पूर्व-पश्चिम अशी झुलली की शेजारच्या टेबलांवरचे लोक उठून बघायला आले.

मॅडमनी पडद्यावर बोट ठेवून कोणते खांब आडवे फिरवायचे ते सांगितलं. मी लिहून घेतले. आठ भरले. दाजी, तेच आठ.

तिथं दोनशे पोरं झोपणार आहेत. मला खरंच भीती वाटली. आपली माफी मागतो, मनापासून. अक्काला नमस्कार.

आपला,
हनुमंत

ता. क. १ : ईश्वरप्पांना मी समजावलं आहे की दहा खांब पूर्वेला आहेत, तेवढे बुद्धीला पुरेत. ते म्हणाले, "मग त्या आठांजवळच्या खोल्या रिपीटर पोरांना देऊ."

ता. क. २ : गुरुवारी पायाचं काँक्रीट आहे. त्याआधी येऊन ते आठ खांब परत फिरवून द्यावेत. शनिवारी एक सांगून आज उलटं सांगायला मी कोणत्या तोंडाने जाऊ? आणि हे मी विचारलं असं माणसांना कळू देऊ नये.

ता. क. ३ : पाकीट चिकटवायच्या आधी राहवलं नाही म्हणून साइटवर जाऊन आलो. आठही खांब आडवेच आहेत. सरळ कुणी केलेच नव्हते. आपला सिद्रामप्पा म्हणाला, "मिस्त्री जाताना बोलले, साहेबाला हाव, करतो म्हणा, खांबाला हात लावू नका." म्हणजे वरचं काम उरलं नाही. तरी गुरुवारी या. काँक्रीट पडताना आपण खड्ड्याजवळ नसलात तर मला धीर नाही. माणसांना कळू न देण्याची वरची अटही रद्द. चूक माझी होती आणि दाजींचं बरोबर होतं, हे मी माणसांना स्वतः सांगितलं. यापुढे मला न विचारता काही करू नका, असंही सांगितलं. सहाही जण म्हणाले, हाव.