तणाचा वाफा

१२ जानेवारी
परत उपटला! सगळा पालक. बोटभरही वाढला नव्हता. एकेक रोप कडेच्या फळीवर ओळीने मांडलेलं – मुळं एकीकडे, पानं एकीकडे. गवत मात्र वाफ्यात ऐटीत उभं.

"अहो, काय केलंत हे!" मी ओरडलेच.

"इथे नको होतं ते," हे शांतपणे म्हणाले.

ह्यांचा उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला. नको ते काढून टाकायची हातांना सवय. फक्त नको काय आणि हवं काय, तेच आता कळेनासं झालंय.

१३ जानेवारी
ओरडायला नको होतं. हे वाफे ह्यांनीच केले, माझ्या गुडघ्यांसाठी. "तू आता मातीपुढे वाकायचं नाहीस. माती तुझ्या कंबरेपर्यंत वर येईल." सुताराच्या हातातून करवत काढून घेतली होती! एक कोपरा वाकडा राहिला. तो मी कुणाला सरळ करू देत नाही.

१७ जानेवारी
लेकीचा फोन. "आई, तू एकटी कुठवर पुरी पडणार? बाबांसारख्यांना सांभाळणाऱ्या त्या केंद्रात माणसं चांगली आहेत गं." माणसं चांगलीच असतील. पण तिथे बायकोला सोबत राहता येत नाही.

डॉक्टर म्हणाले होते, हात चालू आहेत तोवर घरीच ठेवा; हात थांबले की एकटीला झेपणार नाही. लेकीने तेच धरून ठेवलंय. "हात थांबले की मी येऊन घेऊन जाणार. तेव्हा रडायचं नाही."

बरं म्हटलं. काय म्हणणार?

२० जानेवारी
मुळा पेरला होता. आइस्क्रीमच्या काड्यांवर नावं लिहून खोचली, शाळेतल्या वळणदार अक्षरात. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर पट्टी घेऊन मागे उभ्या असायच्या – "मुलींनो, ओळ सोडायची नाही!" ह्यांनी मुळाही काढला नि काड्याही. काड्या मात्र ओळीतच ठेवल्यात. सिस्टर खूश झाल्या असत्या.

२२ जानेवारी
भांडी घासताना सुचलं. उपटायचंच आहे ना? मग उपटण्यासारखंच लावू. भाजी गेली खड्ड्यात.

२३ जानेवारी
शेजारच्या टेलरमास्तरांकडे तण मागायला गेले. त्यांचं अंगण म्हणजे नुसतं रान.

"वहिनी, लोक साखर मागायला येतात हो!"

"तुमच्याकडे तणच पिकतं, मी काय करू?"

हसले, मग कारण ऐकलं. स्वतः पाटी भरून आणून दिली, मुळांसकट. "संपलं की हाक मारा. माझ्याकडे ह्याला तोटा नाही."

९ फेब्रुवारी
छान चाललंय. सकाळी हे उपटतात, दुपारी ह्यांचा डोळा लागला की मी तेच परत खोचते. आज कपाळाला माती लावून घरात आले नि मला म्हणाले, "बाई, तुमच्या बागेत फार तण आहे."

"हो ना," म्हटलं. "तुम्ही येता म्हणून निभावतंय."

"उद्या येतो परत."

बाई! असू दे. उद्या येणार आहेत ना.

१ मार्च
एकच उपटलं. बराच वेळ हातात धरून बघत राहिले. मग वाफ्यात ठेवून दिलं. "राहू दे," म्हणाले.

४ मार्च
बाहेर आलेच नाहीत. खुर्चीत बसून. मी ताटलीत मातीसकट एक रोप घेऊन गेले. ह्यांची बोटं देठाभोवती मिटवली. सोडली तशी उघडली.

८ मार्च
तण वाळून गेलं. रिकामा वाफा बघवेना. पालक पेरला. त्याचा तरी राग येईल ह्यांना. हात धरून नेईन रोज वाफ्यापर्यंत.

२० मार्च
कोंब आलेत. नेलं. वाकड्या कोपऱ्यावर हात ठेवून उभे राहिले. मीच एक उपटून दाखवलं – "हे बघा, इथे नको ना हे?" माझ्याकडे बघितलं फक्त.

२१ मार्च
लेकीला फोनवर खोटं सांगितलं. "उपटतात ना. रोज." आवाज नीट लागला माझा.

२ एप्रिल
आजही तेच सांगितलं. "बाबांना आवर गं जरा," म्हणून हसली. मीही हसले.

११ एप्रिल
ऊन छान होतं म्हणून ह्यांना बाहेर बसवलं. तेवढ्यात लेकीचा व्हिडिओ कॉल. ह्यांचा चेहरा दिसावा म्हणून फोन फिरवला, तर मागचा वाफा दिसला.

"अगं आई, केवढा पालक आलाय!" म्हणाली. मग विचारलं, "बाबा रोज उपटतात ना?"

उद्या सकाळी पोचतेय.