अनुभवाचा रकाना

निरवांगी,
ता. ५ फेब्रुवारी १९९७

चि. करुणा हिस तात्यांचे आशीर्वाद आणि जयभीम.

वि. वि. सोमवारी सकाळी वंदना आटोपून कळसला गेलो. आप्पासाहेबांची विहिरीवरची जळालेली मोटार घरी आणून मी तिच्यात तांब्याच्या नव्या तारा भरल्या होत्या, ती बसवून दिली. पाटाला पाणी लागलेलं पाहिलं, त्यांच्या लीलाबाईंचा चहा घेतला आणि घरी आलो, तर पोस्टमन पाकीट देऊन गेलेला.

बारामतीच्या पंप कंपनीनं फिटरच्या जागेसाठी मला नाकारलं. कारण, अनुभव नाही. त्यांचं चुकलं नाही. अर्जातल्या त्या रकान्यात मीच 'निरंक' लिहिलं होतं, मुलाखतीतही तेच सांगितलं. आपल्याकडे ना पगारपत्रक, ना दाखला. लोकांच्या मोटारी भरून देतो तो शेजारधर्म. त्याला अनुभव म्हटलं तर चौथं शील मोडतं, खोटं बोलल्यासारखं होतं. पन्नाशीनंतर ते घेत नाहीत आणि मला दोनच वर्षं उरलीत, एवढं मात्र मनाला लागलं. तुझी आई माझ्याशी बोलत नाही. शेळीला दोन करडं झाली.

शिकवताना शाळेतल्या पोरांवर फार चिडू नकोस. माया आहे तशीच असू दे.

तुझा,
तात्या


वडगाव निंबाळकर,
ता. ९ फेब्रुवारी १९९७

ती. तात्यांस करुणाचा सविनय जयभीम.

पत्र दोनदा वाचलं. आधी हसू आलं, मग तुमचा राग. चार ओळींपूर्वी चालू केलेली मोटार तुम्ही स्वतःच विसरलात. लहानपणी मी तांब्याच्या तारेच्या बांगड्या घालत होते, त्या कुठून आल्या? दारातल्या मोटारींना ठेचकाळून आईच्या अंगठ्याचं नख किती वेळा गेलं, ते तिला विचारा. ती का बोलत नाही तेही कळेल.

लहान तोंडी बोलते, पण शील तुम्ही निरंक लिहून मोडलंत. बावीस वर्षं काम केलंत आणि नाही म्हणालात.

काल कंपनीच्या गेटवर चौकशी केली. पुन्हा भरती आहे, अठ्ठावीस तारखेपर्यंत. नाकारलेलेही अर्ज करू शकतात. ज्यांच्या मोटारी भरल्यात त्यांच्याकडून तसं लिहून घ्या.

लोभ आहेच, तो वाढवा, आणि एवढं एकदा लेकीचं ऐका.

तुमची,
करुणा


निरवांगी,
ता. २४ फेब्रुवारी १९९७

चि. करुणाला सप्रेम जयभीम.

तुझं पत्र आठ दिवस खिशात घेऊन हिंडलो. वंदनेला बसलो की चौथ्या शीलापाशी अडखळायचो. पोरीनं बापाला शील शिकवावं याचा आधी राग आला, नंतर अभिमान.

गुरुवारी आप्पासाहेबांकडे गेलो. शेजाऱ्याच्या कामाचा दाखला मागायचा, जीभ उचलेना. अनुभव नाही म्हणून कंपनीनं परत पाठवलं, एवढंच कसंबसं सांगितलं. लीलाबाई आतून म्हणाल्या, "मग बावीस वर्सं आमी काय भुतांकडनं मोटारी भरून घेतल्या व्हय?" आप्पासाहेब हसत कागद घेऊन बसले. मग मला गाडीवर मागं बसवून वस्त्या हिंडले. एकतीस सह्या झाल्या. कुशाबाईंनी अंगठा दिला, पण लेकीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मोटार चालू करून दिली होती तेही लिहा, असा हट्ट धरला. लिहावं लागलं. तुझी आई आता बोलते, जरा जास्तच. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो कागद दाखवते.

तू सुट्टीत ये, करडं बघायला तरी ये. आम्हा दोघांची आठवण असू दे.

आज सकाळच्या एसटीनं बारामतीला गेलो. खिडकीतल्या कारकुनानं ओळखलं. मागच्या भरतीत नाकारलेले तुम्हीच ना, असं विचारलं. मीच तो, म्हणालो. घेतील, न घेतील, ते त्यांच्याकडे. अनुभवाच्या रकान्यात 'बावीस वर्षं' लिहिलेला अर्ज मी माझ्या हातानं देऊन आलो.

तुझा,
तात्या