आकाशपाळणा राखून ठेवलाय

चिरंजीव,

घर शांत दिसलं तर घाबरू नकोस, चोरी झालेली नाही. मी आणि तुझी लेक थीम पार्कला गेलो आहोत. तू रात्रभर कुणाची तरी लिफ्ट दुरुस्त करून आलास, म्हणून उठवलं नाही. बूट घालताना ती म्हणाली, "बाबांना आजही जमणार नाही." रागावून नव्हे, बातम्यांत हवामान सांगतात तशी. त्यापेक्षा आदळआपट केली असती तर बरं वाटलं असतं.

फाटकाजवळच्या खेळाला सगळं जग रांग लावतं, म्हणून आम्ही थेट मागच्या टोकाला जाऊन उलटे येणार. उलटंपालटं करणाऱ्या पाळण्यात मला बसवायचं तिने ठरवलंय, तेव्हा कवळी घरीच ठेवली आहे. ओट्यावरच्या वाटीत आहे, त्यात चहा ओतू नकोस.

आकाशपाळण्यात मात्र ती बसणार नाही. "बाबा खालून बघून 'ठीक आहे' म्हणाले तरच मी वर जाणार," असा बाईसाहेबांचा हुकूम आहे. मी जन्मभर लोकांची टर उडवत आलो, माझ्या शब्दावर ती स्टुलावरही चढत नाही.

तुझं तिकीट आरशाला अडकवलंय. झोप पुरी कर, जेव, मग ये. दाढी राहिली तरी चालेल. हत्यारांची पिशवी आणू नकोस, नाहीतर ती खरंच कामाला लावेल.

आम्ही संध्याकाळी पाळण्याखालच्या बाकावर असू. निघताना तिने गुपचूप तुझी टोपी पिशवीत टाकली. मी बघितलं नाही असं तिला वाटतंय.

तुझे बिनदातांचे,
वडील