अर्धा खड्डा

मंगळवार, संध्याकाळ

माझ्या गॅरेजसमोरच्या खड्ड्यात बायको स्कूटीवरून पडली, म्हणून मी आमदारांना अर्ज दिला होता. त्यांनी विधानसभेत विचारलं, चाकणच्या या रस्त्यावर मोठा खड्डा पडला आहे, हे खरे आहे काय? मंत्र्यांचं छापील उत्तर आज हातात आलं. 'हे अंशतः खरे आहे.' अंशतः? म्हणजे बायको अर्धीच पडली? तीही प्लास्टरमधला हात धरून हसत सुटली. खरं तर त्या खड्ड्यानंच मला गिऱ्हाईक दिलं. मग मीच का अर्ज केला? तिचा हात बघवेना, म्हणून.

दुपारी डांबराचा डंपर येऊन गेला. जाऊन बघतो तर खड्डा अर्धाच बुजवलेला! शेजारचे टायरवाले सलीमभाई म्हणाले, "राव, आता झालं मंत्र्यांचं उत्तर तंतोतंत खरं."