आजीच्या नावापुढची कोरी जागा

प्रिय छोट्या,

आधी पाणी पी, मग वाच. फोनच करणार होते, पण फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो आणि चौथ्याला तुझी रेंज जाते. बाबांना रुग्णालयात ठेवायचं की नाही, यावरून मागच्या महिन्यात मी तुला नाही नाही ते बोलले. दगड म्हणाले, परका म्हणाले. तू पाठवलेला प्रवेशाचा फॉर्म तेव्हाच फाडणार होते. पण त्यात एक प्रश्न होता: घराण्यात याआधी कुणाला हा विसरण्याचा आजार होता का? आजोबा तर शेवटच्या दिवसापर्यंत पेपरातल्या चुका काढत होते. राहिली आजी. ती बाबा नऊ वर्षांचे असताना तापानं गेली, एवढंच आपल्याला माहीत. म्हटलं, निदान कधी आणि कशानं गेली ते तरी बघू.

आजोबांची वही काढली. घरातले सगळे जन्म, सगळे मृत्यू त्यात तारखेसकट आहेत, अगदी मांजर मेली तेसुद्धा. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस, एक काना सुटू द्यायचा नाही, आणि आजीच्या नावापुढे मृत्यूची जागा कोरी! नगरपालिकेत गेले. तिथल्या कारकुनानं पाच वर्षांची मृत्यूची रजिस्टरं उपसली, शिंकून शिंकून बेजार झाला बिचारा, आणि म्हणाला, आमच्या कागदांवर तुमची आजी मेलेलीच नाही, घरी जाऊन नीट बघा. मी हसलेसुद्धा. घरी येऊन वही पुन्हा चाळली, तर मागच्या कव्हराच्या आतून एक पावती निघाली. पांघरूण एक, कपड्यांचे जोड दोन, रुग्णासाठी मिळाले. खाली मनोरुग्णालयाचा शिक्का.

हो रे, तेच. शाळेत जाताना ज्याच्या भिंतीशी आपली बस वळायची आणि तू मला चिडवायचास, ताई, तुझं स्टेशन आलं. तुझा फॉर्मही तिथल्याच नव्या विभागाचा. तिथल्या दप्तरखान्यातल्या बाईंनी दोन दिवस खपून फाईल शोधून दिली. तिच्या वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी आजोबांनी तिला दाखल केलं होतं. घरचा रस्ता सापडत नाही, शेगडी पेटती ठेवून निघून जाते, मुलाला मात्र ओळखते, असं लिहिलंय. त्यानंतर ती अठरा वर्षं जगली, छोट्या. मी जन्मले तेव्हा आपली आजी जिवंत होती, मी दोन वर्षांची होईपर्यंत होती. आजोबांनी सगळ्यांना ती गेली म्हणून सांगितलं, पण कागदावर खोटं लिहायला त्यांचा हात धजला नाही. काय म्हणायचं या माणसाला, मला अजून कळत नाही.

भेटायला येणाऱ्यांची नोंदवहीही बघितली. पहिल्या वर्षात आजोबा सहा वेळा. मग कुणी नाही. पानंच्या पानं उलटली, माझी बोटं काळी झाली. चौदा वर्षांनी एक सही. बाबांची. प्रगतिपुस्तकावर तू हुबेहूब मारायचास ना, तीच. तारीख त्यांच्या लग्नाच्या आठ दिवस आधीची. आणि नात्याच्या रकान्यात लिहिलंय, शेजारी. अरे, जन्म दिलेल्या आईचा शेजारी! सोयरीक मोडेल म्हणून घाबरले असणार. त्यानंतर एकदाही गेले नाहीत. आपली आई पस्तीस वर्षं त्यांच्यासोबत राहिली, तिला याचा पत्ता नव्हता.

मी तरातरा घरी आले. आज सोडायचं नाही, सोक्षमोक्ष लावायचाच. बाबा खिडकीशी बसले होते. मला बघून म्हणाले, आई, किती उशीर केलास. वर्षभर ते मला आई म्हणतात आणि मला वाटायचं, म्हातारपणी लहान झाले, लाडात येतात. मी त्यांचे पाय चेपत बसले आणि रडले. काय विचारणार, कप्पाळ!

आता खरं सांगते. सोमवारी मी बाबांना तिथे ठेवून आले. तुझं बरोबर होतं म्हणून नव्हे. गेल्या आठवड्यात त्यांना फिरायला नेलं, बँकेबाहेरच्या बाकावर बसवलं, आत काम केलं आणि दुसऱ्या दारानं बाहेर पडून घरी आले. जेवले, झोपले. चहाचे दोन कप भरले तेव्हा लक्षात आलं की बाबा घरात नाहीत. शेजाऱ्यांना सांगितलं, बाबा हरवले. सापडले त्याच बाकावर. ते हरवले नव्हते रे, मी त्यांना विसरले होते. याआधीही मी दोनदा घरचा रस्ता चुकले, तुला बोलले नाही. डॉक्टरांनी मला तपासलं. सुरुवात आहे म्हणाले. तू स्वतःलाही तपासून घे, चालढकल करू नकोस. आणि आज मला नीट लिहिता येतंय तोवर तुझ्याकडे एकच मागते. माझी पाळी आली की मलाही तिथे ठेव, माझी हरकत नाही. भेटायला जमलं नाही तरी चालेल. पण तुझ्या लेकीनं विचारलं, आत्या कुठे आहे, तर मी मेले म्हणून सांगू नकोस.

अजून तरी तुझीच,
ताई