बिनशेपटीची विंचवीण

कारापूर,
१० जुलै १९८७

प्रिय मनीषा,

पत्र फाडू नकोस, आधी वाच. अक्षर वाकडं आहे, दुसरीपर्यंत शिकलेल्या बाईचं आहे. शेजारचा बाबली म्हणतो, आता कोंकणी राजभाषा झाली, कोंकणीत लिही. मी म्हटलं, बोलते कोंकणीच, पण मास्तरानं गिरवून घेतली ती मराठी; म्हातारपणी हात बदलू काय? मेअखेरीस गोव्याचं राज्य झालं तेव्हा त्यानं घरोघर पेढे वाटले. माझा वाटा मात्र स्वतः खाल्ला, मला साखर चालत नाही म्हणून.

तुझ्या वहिनीच्या, सुमंगलेच्या डोहाळजेवणात, फुलां माळपाच्या दिवशी तू रागानं वास्कोची बस धरलीस आणि तुझा डबा इथंच राहिला. तो आंब्याच्या झाडाची साल घातलेला, वर काच असलेला. सोबत भिंग. चुलीत घालणार होते. मग म्हटलं, बघू तरी, कॉलेजात शिकवणारी माझी नात कशापायी साली उपटत हिंडते. भिंगातून दिसला तुझा तो खोटा विंचू. तांदळाच्या कणीएवढा, पुढे दोन चिमटे, शेपूट नाहीच.

तू सांगितलेलं तेव्हा मी हसण्यावारी नेलं होतं. नर जमिनीवर बारीक देठ उभा करून टोकाला बीज ठेवतो आणि मादी ते आपण येऊन घेते. (तुझा आजोबा आठवला. बंदरात नोकरी, वर्षातून दोनदा घरी.) अंडी ती कोंबडीसारखी घालून मोकळी होत नाही, पोटाखाली पिशवीत बाळगते, आणि अंडाशयातूनच दुधासारखा रस त्या पिशवीत सोडते. आतली पिल्लं त्यावर वाढतात. विंचवाला दूध म्हणजे तुला ताप चढलाय, असं मी म्हणाले होते. आता स्वतः पाहिलं, एकीची पिशवी दिवसागणिक फुगत होती.

माझी खोड तुला ठाऊक. दिवसातून दहादा काच उचलायची, उन्हात धरायची, शेजारच्या पार्वतीला बोलावून दाखवायची. एका सकाळी पिशवी खाली पडलेली. पार्वती म्हणाली, ह्या विंचविणीनंच काहीतरी केलं असणार. मी वस्सकन तिच्या अंगावर गेले. काच तर मी उचलत होते! ओरडले आणि तिथंच खाली बसले. कारण माघात तुझं पोटातलं गेलं तेव्हा हेच मी तुला म्हणाले होते. डॉक्टर सांगत होता, कुणाची चूक नाही. तरी म्हणाले, रानात हिंडलीस म्हणून गेलं.

दुपारी ती विंचवीण सालीवर हिंडून आपले बारीक किडे खात होती. डब्यातल्या बाकीच्यांनी तिला कुठं बाजूला काढलं नाही. मी मात्र सुमंगलेची ओटी भरायला तू पुढे आलीस तेव्हा तुझ्या हातातला नारळ काढून पार्वतीला दिला, आणि तुला भांडी बघायला आत पाठवलं. तुझ्या बापाच्या आधी माझी दोन गेली, हे तुला कुणी सांगितलं नसेल. मलाही सासूनं असंच आत बसवलं होतं. तेव्हा मनात तिला ज्या शिव्या घातल्या, त्या कागदावर लिहिण्यासारख्या नाहीत. त्याच तू मला घातल्या असशील तर बरोबर घातल्यास.

आता कामाचं. परवा बुधवारी तुझ्या रघुनाथदादाला मुलगी झाली. सुमंगलेला आई नाही म्हणून बाळंतपण इथंच केलं. बारसं एकोणीस तारखेला, रविवारी. कानात नाव सांगायचं ते आतेनं, आणि रघुनाथला बहीण एकच. पार्वतीची सून तुझ्या जागी उभी राहायला तयार आहे, नवी साडीही काढून ठेवलीय बयेनं. मी सांगितलं, घडी मोडू नकोस. मनीषा आली नाही तर पोर बिननावाची वाढेल, पण दुसरं कुणी तिच्या कानाला लागणार नाही. सगळ्या बायकांसमोर पोर मी तुझ्या मांडीवर देणार आहे. कुणाला काय बोलायचं असेल ते मला बोलू दे, मी बसलेली आहे. नाव काय ठेवायचं ते मी विचारलेलं नाही. ते तू ठरवून ये.

तुझीच,
आजी